ब्रिटिश आणि पॅलेस्टिनी शाळांचं ट्विनिंग: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न: मी लेस्टरमधल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पॅलेस्टाइनमधल्या एखाद्या शाळेशी ट्विनिंग (दोन शाळांनी जोडी जुळवून एकत्र उपक्रम करणं) करावं असं काही पालकांनी आणि सहकाऱ्यांनी सुचवलं आहे. मुख्याध्यापिका अनुकूल आहेत, पण पालकांत वाद होतील, कायद्याची अडचण येईल, अशी धास्ती त्यांना आहे. सुरुवात कशी करायची? निधी गोळा करून पाठवायचा का? मुलांना एकमेकांना भेटता येईल का?

उत्तर:

ताई, मुख्याध्यापिकांची धास्ती रास्त आहे, पण कायद्याचा भाग बाहेरून दिसतो तितका अवघड नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, कारण बाकीचे सगळे निर्णय तिच्यावरूनच ठरतात. दोन्ही शाळांनी एकमेकींना काही द्यायला हवं आणि एकमेकींकडून काही घ्यायला हवं. इंग्लंडमध्ये भूगोल शिकवताना वेस्ट बँकेतल्या शाळांशी जोडणी सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करत आलो आहे. या काळात ज्या जोड्या विरून गेलेल्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींचं कारण एकच होतं. इकडची शाळा सतत देत राहिली आणि तिकडच्या शाळेच्या वाट्याला फक्त आभार मानणं आलं. असं झालं की वर्षभरात तिकडून उत्तरं उशिरा यायला लागतात आणि पुढे येतच नाहीत. त्या शिक्षकांना स्वाभिमान आहे, विषयाची जाण आहे. परक्यांच्या सहानुभूतीपुढे दर महिन्याला हात जोडत उभं राहणं त्यांना नको असतं, आणि ते अगदी बरोबर आहे.

आता शाळा कशी शोधायची ते पाहू. नकाशावर बोट ठेवून अनोळखी शाळेला ईमेल करू नका. ब्रिटन आणि पॅलेस्टाइनमधल्या गावांची नाती जुनी आहेत, त्या वाटेनं जा. डंडी आणि नाब्लुस यांचं ट्विनिंग १९८० सालचं आहे. ग्लासगोचं बेथलेहेमशी आहे, ऑक्सफर्डचं रामल्लाशी. लंडनच्या कॅमडेन भागातल्या लोकांनी २००५ मध्ये जेरुसलेमला लागून असलेल्या अबू दिस या गावाशी मैत्रीसंस्था सुरू केली, आणि त्यांच्या कामात शाळा व विद्यार्थ्यांच्या भेटींना पहिल्यापासून मोठी जागा आहे. ब्रिटन-पॅलेस्टाइन मैत्री आणि ट्विनिंग नेटवर्क नावाचं अशा गटांचं जाळंही आहे. या मंडळींचा फायदा असा की तिकडे त्यांची माणसं असतात. कोणत्या शाळेत इंग्रजीच्या बाईंना खरोखर रस आहे, कोणत्या शाळेत मुख्याध्यापक नुकतेच बदलले आहेत, हे ईमेलवरून कधीच कळत नाही. ओळखीच्या माणसाला ते एका फोनवर कळतं. ब्रिटिश कौन्सिलचा 'कनेक्टिंग क्लासरूम्स' हा कार्यक्रम पॅलेस्टाइनमध्येही चालला होता. त्या काळात तयार झालेले शिक्षक अजून शाळांमध्ये आहेत आणि त्यांना अशा कामाचा सराव आहे. म्हणून शाळेचं आधी कोणाशी ट्विनिंग होतं का, हे जरूर विचारा.

शाळा सापडली की ती कोणत्या व्यवस्थेखाली येते हे पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. बहुतेक शाळा पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या (वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनींच्या मर्यादित स्वशासनाच्या) शिक्षण मंत्रालयाच्या आहेत. तिथल्या मुख्याध्यापकांनी फोनवर होकार दिला तरी तेवढ्यावर भागत नाही, जिल्ह्याच्या शिक्षण संचालनालयाची लेखी परवानगी लागते. निर्वासित छावण्यांमधल्या शाळा संयुक्त राष्ट्रांची 'उन्र्वा' ही संस्था चालवते. त्यांचे तटस्थतेचे नियम वेगळे आणि कडक असतात, परवानगीही संस्थेकडूनच मिळते. तिसऱ्या प्रकारात खाजगी आणि मिशनरी शाळा येतात. रामल्लातली क्वेकर पंथीयांची फ्रेंड्स स्कूल १८६९ पासून चालू आहे. खाजगी शाळांशी जुळवणं सगळ्यात सोपं, कारण इंग्रजी उत्तम असतं आणि निर्णय झटपट होतात. म्हणूनच ब्रिटिश शाळा तिकडे धावतात आणि गावातल्या सरकारी शाळा बाजूला राहतात. माझं मत विचाराल तर सरकारी शाळा घ्या. वेळ जास्त लागेल, पण तुमच्या शाळेसारखीच सर्व थरांतली मुलं तिथे असतात. पूर्व जेरुसलेमचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. मे २०२५ मध्ये तिथल्या उन्र्वाच्या सहा शाळा इस्रायली अधिकाऱ्यांनी बंद केल्या. तेव्हा तिथे नवीन जोडी जमवायची तर स्थानिक माणसाच्या सल्ल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आणखी एक बाब. वरच्या इयत्तांच्या सरकारी शाळा बहुधा मुलींच्या वेगळ्या आणि मुलांच्या वेगळ्या असतात. तुमची शाळा मिश्र असेल तर तिकडच्या मुलींच्या शाळेला आधी विचारा की व्हिडिओ कॉलवर मुलगे चालतील का, की सुरुवात फक्त मुलींनी करायची. एकाच गावातली मुलींची आणि मुलांची अशा दोन शाळा मिळून एका ब्रिटिश शाळेशी जोडणं हा चांगला मार्ग आहे. मी तर तोच सुचवेन.

वेळापत्रकाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि कामं सगळ्यात जास्त तिथेच अडतात. पॅलेस्टाइनचं घड्याळ ब्रिटनच्या दोन तास पुढे. तिकडे शाळा सकाळी आठच्या आसपास भरते आणि दुपारी एक-दोनपर्यंत सुटते. म्हणजे तुमच्याकडे नऊ वाजता हजेरी होते तेव्हा तिकडे अकरा वाजलेले असतात. दोन्ही वर्ग एकाच वेळी भरलेले असण्याची खिडकी तुमच्या सकाळी नऊ ते अकरा एवढीच. शुक्रवार-शनिवार तिकडे सुट्टी, शनिवार-रविवार इकडे. हाताशी उरतात सोमवार ते गुरुवार. ख्रिस्ती शाळा असेल तर सुट्टी शुक्रवार आणि रविवार अशीही असू शकते. उन्हाळी वेळेचा घोळ वेगळाच. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे जातं. तिकडे रमजान त्याच सुमारास आला तर हा बदल रमजान संपेपर्यंत लांबवतात. २०२३ आणि २०२४ मध्ये तो एप्रिलमध्ये झाला, आणि मधल्या आठवड्यांत फरक दोनाऐवजी एकाच तासाचा होता. कॅलेंडरच्या ॲपवर विसंबून राहिलेले वर्ग अशा वेळी एकमेकांची वाट पाहत बसतात. मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक कॉलच्या आदल्या दिवशी 'तुमच्या घड्याळात किती वाजता?' असं साध्या शब्दांत विचारून घ्या.

वर्षाचा आराखडा करताना तिकडच्या तारखा आधी मांडा, मग आपल्या. ऑक्टोबरमध्ये जैतुनाची तोडणी असते. गावाकडच्या मुलांचं सगळं घर तेव्हा रानात असतं, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ते चालतं. १५ नोव्हेंबरला सुट्टी असते, १९८८ च्या स्वातंत्र्य घोषणेची. रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि त्या महिन्यात तास छोटे होतात. बारावीची तौजिही परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर येते. तिचं दडपण आपल्या बोर्डाच्या परीक्षेसारखंच, सगळ्या घरादारावर असतं. बारावीच्या मुलांना या कामात अजिबात ओढू नका. सातवी ते नववी ही वयं उत्तम. एवढं सगळं वगळलं की नोव्हेंबरचा उत्तरार्ध, डिसेंबरचे पहिले दोन आठवडे, आणि रमजान पाहून फेब्रुवारी-मार्चमधले काही आठवडे उरतात. ते पुरेसे आहेत. वर्षाला चार चांगले संयुक्त तास झाले तर ट्विनिंग नीट चाललं आहे असं समजा.

हेही लक्षात घ्या की इस्रायलने प्राधिकरणाचा कर-महसूल अडवून ठेवल्यामुळे तिकडच्या सरकारी शिक्षकांना गेली काही वर्षं अर्धवट पगार मिळतो आहे. २०२३ मध्ये त्यांनी मोठा संप केला होता. नंतर पैशाअभावी शाळेचे दिवसही कमी झाले. तुमच्या ईमेलला तीन आठवडे उत्तर आलं नाही तर त्याला अनास्था समजू नका. कदाचित ते शिक्षक दुपारनंतर दुसरं काम करत असतील.

पहिला उपक्रम काय घ्यावा? अनेक शाळा सणांपासून सुरुवात करतात. इकडून ख्रिसमसची कार्डं जातात, तिकडून दबके नाचाचा व्हिडिओ येतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि पुढे काय करायचं ते कुणालाच सुचत नाही. त्यापेक्षा 'घर ते शाळा' हा नकाशा काढून घ्या. प्रत्येक मुलाने आपला रोजचा रस्ता एका कागदावर काढायचा, वाटेतल्या पाच गोष्टी लिहायच्या आणि कागद अदलाबदल करून समोरच्याला प्रश्न विचारायचे.

जेरुसलेमच्या पूर्वेकडच्या एका गावातल्या सातवीतल्या मुलीचा नकाशा मला चांगला आठवतो. घर, बेकरी, मशीद, मग पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी खडूने ओढलेला जाड पट्टा. पट्ट्याच्या पलीकडे एक छोटं घर, त्यावर इंग्रजीत 'आजी'. खाली लिहिलं होतं की पूर्वी आजीकडे चालत जाता यायचं, आता दुसऱ्या बाजूने लांबून जावं लागतं आणि बाबांना जाताच येत नाही. आमच्या वर्गातल्या मुलाच्या कागदावर चिप्सचं दुकान, एक कुत्रा आणि रस्ता ओलांडायला मदत करणाऱ्या लॉलीपॉपवाल्या बाई होत्या. त्याने विचारलं, 'आजी तुला भेटायला येऊ शकते का?' तिने विचारलं, 'त्या बाईंना पगार कोण देतं? त्या सगळ्यांनाच ओलांडू देतात का?' तिचा दुसरा प्रश्न वर्गात वाचला तेव्हा मुलं आधी हसली आणि लगेच गप्प झाली. पुढचा तास त्या एका प्रश्नावर गेला. तो राखाडी पट्टा म्हणजे इस्रायलने वेस्ट बँकेत उभारलेली भिंत; तिचं बांधकाम २००२ मध्ये सुरू झालं आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये तिच्याबद्दल सल्लागार मत दिलं, ही माहिती मी त्यानंतर दिली. तेव्हा ती त्यांना हवी होती. आधी सांगितली असती तर कुणी वहीतसुद्धा लिहून घेतली नसती.

तुमचा विषय विज्ञान आहे, त्यामुळे तुमच्या हातात याहून चांगली गोष्ट आहे: पाणी. रामल्लाला वर्षभरात पडणारा पाऊस लंडनच्या पावसाच्या जवळपास असतो. हे ऐकून ब्रिटिश मुलांचा विश्वास बसत नाही, कारण त्यांच्या डोक्यात तो सगळा भाग वाळवंट असतो. फरक असा की तिकडे तो थंडीच्या चार-पाच महिन्यांतच पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. दोन्ही शाळांनी नोव्हेंबर ते मार्च साध्या पर्जन्यमापकाने पाऊस मोजायचा आणि दर आठवड्याला एकाच तक्त्यात भरायचा. त्याला ना व्हिडिओ कॉल लागतो, ना वेगवान इंटरनेट. आलेख काढला की प्रश्न आपोआप निघतात. तिकडच्या घरांच्या गच्चीवर काळ्या टाक्या का असतात? (आपल्या मराठी डोळ्यांना गच्चीवरची टाकी नवी नाही, पण लेस्टरच्या मुलांना ती फार कुतूहलाची वाटते.) जवळच्या इस्रायली वसाहतींवर त्या का दिसत नाहीत? नळाला पाणी किती दिवसांनी येतं? जुन्या घरांखाली पावसाचं पाणी साठवायची खोदलेली हौद-विहीर असते, ती कशी बांधतात? या उपक्रमात जाणकार बाजू पॅलेस्टिनी शाळा असते. पाणी साठवणं, जपणं, पुरवून वापरणं यातलं ज्ञान त्यांच्या घराघरात आहे आणि तुमची मुलं शिकणारी असतात. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान १०० लिटरची शिफारस करते. दोन्हीकडच्या मुलांनी आपल्या घरचा एका दिवसाचा वापर मोजून या आकड्याशेजारी मांडला की गणितही झालं आणि नागरिकशास्त्रही.

भाषेबद्दल एक शब्द. तिकडे इंग्रजी पहिलीपासून शिकवतात, त्यामुळे काम इंग्रजीत चालतं. पण मग तुमची मुलं घरच्या मैदानावर आणि ती पाहुण्यांच्या. हे थोडं तरी समतोल करा. लेस्टरसारख्या शहरात तुमच्या शाळेत अरबी येणारी मुलं नक्की असतील. त्यांना पुढे आणा. दर कॉलची पहिली पाच मिनिटं अरबीत, चुकतमाकत का होईना, तुमच्या मुलांनी बोलायची. समोरचा वर्ग त्यांना सुधारतो, आणि त्या पाच मिनिटांत वर्गातलं वातावरण बदलतं ते पुढे तासभर टिकतं.

आता कायदा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याची ४०६ आणि ४०७ ही कलमं लागू होतात. ४०६ सांगतं की शिकवताना पक्षपाती राजकीय मताचा प्रचार करायचा नाही. ४०७ सांगतं की राजकीय मुद्दा मुलांसमोर आला तर विरोधी मतांची संतुलित मांडणी होईल अशी शक्य ती काळजी घ्यायची. ॲकॅडमी शाळांना (सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण स्थानिक प्रशासनाबाहेरच्या शाळांना) अशाच अर्थाचे नियम दुसऱ्या मार्गाने लागू आहेत. शिक्षण खात्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये राजकीय निःपक्षपातीपणाबद्दल सविस्तर मार्गदर्शन काढलं. मुख्याध्यापिकांना ते पूर्ण वाचायला सांगा. वादग्रस्त विषय शिकवू नका असं ते कुठेही म्हणत नाही. भीतीपोटी शाळा पॅलेस्टाइन हे नावच टाळतात, पण तशी मागणी कायद्याने केलेलीच नाही.

व्यवहारात मी हे असं पाळतो. मुलीने 'लष्करी चौकीवर बस एक तास थांबली' असं सांगितलं तर तो तिचा अनुभव आहे. तो ऐकायचा, लिहून घ्यायचा, त्यावर दुसऱ्या बाजूचं लेबल चिकटवायचं नाही. कुणी 'मग यावर उपाय काय, दोष कोणाचा, देश एक की दोन?' असं विचारलं तर ते मत झालं. तिथे इस्रायली आणि पॅलेस्टिनी समाजातली वेगवेगळी मतं मांडायची, इस्रायली मुलांनी अनुभवलेली भीतीही सांगायची, ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्लाही सांगायचा आणि त्यानंतरचा गाझाचा विध्वंसही. हे काम इतिहासाच्या किंवा नागरिकशास्त्राच्या तासाला शिक्षकाने करायचं. व्हिडिओ कॉलवर तेरा वर्षांच्या पॅलेस्टिनी मुलीला 'दुसरी बाजू' मांडायला लावणं अन्यायाचं आहे, आणि कायदाही तिच्याकडून नव्हे, तुमच्याकडून संतुलन मागतो.

इतिहासाचं एक पान मात्र दोन्ही शाळांनी एकत्र उघडावं. पॅलेस्टाइनमधल्या शाळकरी मुलाला बालफोर हे नाव माहीत असतं. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या 'राष्ट्रीय घरा'ला पाठिंबा देणारं २ नोव्हेंबर १९१७ चं पत्र या ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांचं, आणि १९४८ पर्यंत त्या भूमीवर कारभार ब्रिटनचा. ब्रिटिश मुलांपैकी बहुतेकांनी ते नावही ऐकलेलं नसतं. तिकडून पहिल्या-दुसऱ्या कॉलमध्येच हा प्रश्न येतो आणि इकडचा वर्ग गोंधळतो. तेव्हा तुमच्या इतिहासाच्या शिक्षकांनी मँडेटचा, म्हणजे त्या ब्रिटिश कारभाराचा, काळ आधी शिकवून ठेवावा.

पालकांना अगदी सुरुवातीला पत्र पाठवा, शाळा ठरण्याच्याही आधी. कामाचा हेतू, वर्ग, विषय आणि कोणते नियम पाळले जाणार हे त्यात स्पष्ट लिहा. ज्यू कुटुंबं असतील तर त्यांना सगळ्यांसोबतचं पत्र तर पाठवाच, शिवाय भेटायला बोलवा आणि त्यांचं म्हणणं पूर्ण ऐका. त्यांच्या मुलांना शाळेत कुणी इस्रायलच्या धोरणाबद्दल जबाबदार धरलं तर शाळा काय करणार, हे त्यांना आधी कळायला हवं. मुस्लिम मुलांना कुणी दहशतवादी म्हणून हिणवलं तर काय, हेही त्याच कागदावर असू द्या. आपल्यापैकी ज्यांचं बालपण अलिबाग-पेणच्या बाजूला गेलं त्यांनी मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू शेजारी पाहिले आहेत. ज्यू माणूस आणि इस्रायलचं सरकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याला कुणी शिकवावं लागू नये, आणि वर्गात ते स्वच्छ सांगायची जबाबदारी आपण उचलावी. माझा अनुभव असा की आधी विचारलेल्या पालकांकडून विरोध क्वचित होतो. नंतर वर्तमानपत्रातून कळलेले पालक मात्र चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही.

मुलांच्या सुरक्षेचे नेहमीचे ब्रिटिश नियम तुम्हाला पाठ आहेत: फक्त पहिलं नाव, शाळेचं खातं, खाजगी नंबर नाहीत, प्रत्येक कॉलला शिक्षक हजर. त्यात तिकडची काळजी जोडा. वेस्ट बँकेत समाजमाध्यमांवरच्या पोस्टवरून लोकांना अटक झालेली आहे. एखाद्या मुलाचा फोटो, मागे भिंतीवरचं पोस्टर आणि गावाचं नाव हे तुमच्या शाळेच्या वेबसाइटवर एकत्र गेलं तर त्याचे परिणाम त्या घराला भोगावे लागू शकतात. म्हणून तिकडच्या मुलांचं काहीही प्रसिद्ध करण्याआधी तिकडच्या शिक्षकांची प्रत्येक वेळी मंजुरी घ्या. 'एकदा विचारलं होतं' यावर भागवू नका, कारण तिथली परिस्थिती आठवड्यात पालटते.

वस्तू टपालाने पाठवायचा मोह होईल. वेस्ट बँकेत येणारं टपाल इस्रायलच्या ताब्यातून जातं. ऑगस्ट २०१८ मध्ये इस्रायलने जॉर्डनमध्ये अडकून पडलेलं दहा टनांहून जास्त टपाल सोडलं, त्यातली काही पाकिटं २०१० सालची होती. जेरिकोत ती पोती उघडून माणसं वर्षानुवर्षं जुनी पार्सलं वेगळी करत होती. मुलांनी मेहनतीने केलेली पत्रं अशी हरवू देऊ नका. स्कॅन करून पाठवा, आणि मूळ कागद जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाच्या हाती द्या. इंटरनेटचंही तसंच. वेस्ट बँकेत मोबाइलवर ३जी सुरू झालं तेच २०१८ मध्ये. थेट कॉलला पर्याय म्हणून दोन मिनिटांच्या छोट्या क्लिप तयार ठेवा. लाइन तुटली तर त्या दाखवून तास पुढे चालतो.

पैशांबद्दल विचारलंत. पहिल्या वर्षी एक पौंडही पाठवू नका. हे कठोर वाटेल, आणि तिकडची गरज खरी आहे हे मला माहीत आहे. पण पहिल्याच टप्प्यावर केक विकून जमवलेले पैसे गेले की दोन शाळांचं नातं तिथेच ठरून जातं, आणि मग ते कितीही प्रयत्न केले तरी बदलत नाही. दुसऱ्या वर्षापासून संयुक्त उपक्रमाचा खर्च दोघांनी मिळून मांडावा आणि ज्याला जे जमेल ते त्याने उचलावं. पर्जन्यमापक तुम्ही घ्या, अहवालाची अरबी छपाई ते करतील. पैसे पाठवायचेच झाले तर शाळेच्या खात्यातून थेट पाठवू नका. 'पॅलेस्टाइन' हा शब्द दिसताच ब्रिटिश बँका अनेकदा व्यवहार अडवून चौकशी करतात, आणि पैसे कोणाच्या हाती गेले याची खात्री करणं ही चॅरिटीच्या विश्वस्तांची कायदेशीर जबाबदारी असते. तिकडे काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत जा, पावती आणि खर्चाचा हिशोब घ्या.

भेटीचा क्रम असा ठेवा: आधी तिकडचे शिक्षक इकडे, मग तुमचे शिक्षक तिकडे, आणि मुलांचा विचार त्यानंतर. तिकडच्यांनी आधी यावं असं मी मुद्दाम म्हणतो, कारण नेहमी उलटं होतं. वेस्ट बँकेचं हिरवं ओळखपत्र असलेल्या माणसाला विशेष परवान्याशिवाय तेल अवीवचा विमानतळ वापरता येत नाही. त्यांना ॲलेन्बी पुलावरून जॉर्डनला आणि अम्मानहून विमान धरावं लागतं. पूल कधीही बंद होऊ शकतो, म्हणून विमानाच्या आधी एक रात्र अम्मानमध्ये धरा आणि तारीख बदलता येणारंच तिकीट काढा. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, पण त्या भरवशावर राहू नका. पहिल्या दिवशीच अर्ज भरा. निमंत्रणपत्रात राहण्याची जागा, रोजचा कार्यक्रम, खर्च कोण करणार आणि परत कधी जाणार हे तारखांसह लिहा. मुलं येणार असतील तर पालकांची संमतीपत्रं लागतील, आणि ज्या घरात ती राहतील तिथल्या प्रौढांची डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी) करून घ्या. व्हिसा एखाद्या मुलाला नाकारला गेला तर बाकीच्यांनी यायचं की नाही, हे आधी ठरवून ठेवा. ऐन वेळी तो निर्णय मुलांवर टाकू नये.

तुमच्या शिक्षकांनी जाण्याआधी ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा प्रवास सल्ला वाचा. त्याविरुद्ध गेलात तर विमा रद्द होतो, आणि विम्याशिवाय कोणतीही शाळा परवानगी देणार नाही. ब्रिटिश पासपोर्टवर जाणाऱ्यांना जानेवारी २०२५ पासून इस्रायलची इलेक्ट्रॉनिक पूर्वपरवानगी घ्यावी लागते. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तुम्हाला वेगळा व्हिसा लागेल, त्याची तयारी इतरांच्या आधी सुरू करा. सध्याच्या परिस्थितीत मुलांची सहल तिकडे नेण्याचं नियोजन मी तरी करणार नाही.

गाझाबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं. ऑक्टोबर २०२३ नंतर तिथल्या सुमारे सव्वासहा लाख मुलांची नियमित शाळा बंद पडली, बहुतेक शाळांच्या इमारती मोडल्या किंवा निवाऱ्यासाठी वापरल्या गेल्या. २०२४ मध्ये सुमारे ३९ हजार मुलांना तौजिही देता आली नाही. तुमची मुलं गाझाबद्दल विचारतील, आणि ट्विनिंग तिथल्याच शाळेशी हवं असाही आग्रह होईल. ज्या शाळेला छप्पर नाही तिच्यावर आपल्या वेळापत्रकाचा आणि अहवालाचा भार टाकू नये असं मला मनापासून वाटतं. तिथल्या एखाद्या शिक्षिकेशी तुमच्या शिक्षकांची ओळख असेल तर ती जपा. तिला हवं तेव्हा, हवं तितकं बोला, धडे किंवा शब्दसूची मागितली तर बनवून द्या. मुलांसमोर तिला आणून दुःख सांगायला लावू नका. निधी जमवायचाच असेल तर तो युनिसेफ किंवा मेडिकल एड फॉर पॅलेस्टिनियन्ससारख्या संस्थांना द्या, आणि ट्विनिंगच्या हिशोबापासून पूर्ण वेगळा ठेवा.

या सगळ्यानंतर कागदावर करार करा, दोन पानांपेक्षा मोठा नको. इंग्रजी आणि अरबी, दोन्ही मजकूर समान दर्जाचे. त्यात वर्षातले चार तास आणि त्यांच्या तारखा, फोटोंचा नियम, उपक्रमाचे दोन विषय (एक त्यांनी निवडलेला, एक तुम्ही) आणि दोन्हीकडच्या दोन-दोन शिक्षकांची नावं असावीत. दोन-दोन अशासाठी की एक शिक्षक बदलून गेला तरी काम थांबू नये. ब्रिटिश शाळांमधले शिक्षक भराभर नोकऱ्या बदलतात, आणि जोडी तुटण्याचं ते इकडचं मोठं कारण आहे. तिकडच्या संचालनालयाचं परवानगीपत्र आणि तुमच्या शाळेच्या गव्हर्नर मंडळाच्या (व्यवस्थापन समितीच्या) ठरावाची प्रत या कराराला जोडा. करार एका वर्षाचाच करा आणि दर जूनमध्ये दोन्ही मुख्याध्यापकांनी बोलून तो नव्याने सही करावा, म्हणजे थांबायचं असेल तर कुणालाही अवघडल्यासारखं होत नाही. सप्टेंबरमध्ये सुरू करायचं असेल तर मैत्रीगटाला पत्र याच महिन्यात जाऊ द्या. पत्रात तुमच्या शाळेची माहिती चार ओळींत लिहा आणि पुढे विचारा की येत्या वर्षी त्यांना आपल्या मुलांसाठी काय करून पाहायला आवडेल.